ग्रीसमधलं शांत बेट : आईला घेऊन दहा दिवस, कुठे जावं?

अनुजा_प
१८ जानेवारी २०२५

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये आईला घेऊन ग्रीसला जायचा विचार आहे. आई ६८ वर्षांची, पूर्ण शाकाहारी, अंडंही खात नाही. चालते चांगली, पण शे-दोनशे पायऱ्या चढणं नको. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ती पुण्याबाहेर पडलेली नाही. मागच्या आठवड्यात जेवताना एकदम म्हणाली, "कुठेतरी समुद्राकाठी नुसतं बसायचंय. कुणी घाई करायला नको." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

एका सहल कंपनीकडे चौकशी केली. त्यांचा आराखडा असा: अथेन्स दोन रात्री, मिकोनोस दोन, सांतोरिनी दोन, परत अथेन्स एक. म्हणजे आठवड्याभरात चार वेळा सामान बांधायचं. आईने मागितलं त्याच्या नेमकं उलट.

मला एकच बेट हवंय. छोटं, शांत, जिथे लोक आपापलं आयुष्य जगताहेत असं. असं बेट आहे का? शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं? आणि नुसतं एका जागी दहा दिवस राहणं हा वेडेपणा तर नाही ना?

म्युनिककर
१८ जानेवारी

सिफ्नोस. डोळे झाकून. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोटीने अडीच-तीन तास. मातीची भांडी घडवणारं बेट आहे आणि खाण्यापिण्यासाठी ग्रीसभर नाव आहे. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात हरभरे घालून लाकडाच्या भट्टीत ठेवतात, रविवारी चर्चहून आल्यावर खातात. कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, एवढंच. आईंना नक्की आवडेल.

सह्यमित्र
१९ जानेवारी

अनुजाताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. वेडेपणा अजिबात नाही. माझ्या मते बेटावर जायची तीच एक रीत आहे.

आम्ही दोघं २०२२च्या मे महिन्यात अमोर्गोसला नऊ रात्री एकाच खोलीत राहिलो. अमोर्गोसला विमानतळ नाही. पिरेयसहून मोठ्या जहाजाने जवळजवळ अख्खा दिवस जातो. त्यामुळे दोन दिवसांत चार बेटं करणारा माणूस तिथे येतच नाही. बेट लांबुडकं आहे. दोन बाजूंना दोन बंदरं, कातापोला आणि एयिआली, आणि मध्ये डोंगरावर 'खोरा'. खोरा हे नाव तुम्हाला जवळपास प्रत्येक बेटावर भेटेल, तो मुख्य गावाला शब्दच आहे. समुद्री चाच्यांच्या भीतीने ही गावं बंदरापासून दूर, उंचावर वसवलेली.

पहिले दोन दिवस आम्हीही यादी घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, बस चुकली, आणि एयिआलीच्या कट्ट्यावर तीन तास बसून राहिलो. तेव्हा कळलं की जहाज यायच्या अर्धा तास आधी गाव कसं जागं होतं. खोल्या देणाऱ्या बायका पाट्या घेऊन येतात, कुणी औषधाचं पार्सल घ्यायला येतं, कुणी शिकायला गेलेल्या मुलाला न्यायला. जहाज गेलं की पंधरा मिनिटांत सगळं सामसूम. त्यानंतर रोज आम्ही फक्त जहाज बघायला जायचो.

होझोविओतिसाचा मठ मात्र पाहा. ११व्या शतकातला, कड्याला चिकटून बांधलेला, लांबून खडकावर चुना सांडल्यासारखा दिसतो. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत, त्यामुळे आईंना जमेल का ते बघा. वर पोचलं की साधू पाणी, गोड वडी आणि मध-मसाला घातलेल्या राकीचा (तिथली दारू) छोटा पेला देतात. अंगभर कपडे हवेत.

चिंच
१९ जानेवारी

शाकाहाराची काळजी सोडा. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंचांगात उपासाचे दिवस ढिगाने आहेत, आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यामुळे पिढ्यानपिढ्या शाकाहारी स्वयंपाक तयार झालाय. शब्द लक्षात ठेवा: 'निस्तीसिमो', म्हणजे उपासाला चालणारं. फक्त त्यांच्या उपासाला कोळंबी, माकुल, ऑक्टोपस चालतात, म्हणून वर 'होरीस क्रेआस, होरीस थालासिना' म्हणजे मांसाशिवाय, समुद्रातल्याशिवाय, असंही सांगा.

काय मागवायचं: फावा (पिवळ्या डाळीचं घट्ट गोळा वरण, वरून कच्चा कांदा, लिंबू आणि तेल), गीगांतेस (टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल), होर्ता (उकडलेली रानभाजी), ब्रियाम (ओव्हनमधली मिसळभाजी), गेमिस्ता (भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या). गेमिस्तात कधी खिमा असतो. बिनखिम्याच्या गेमिस्ताला ते 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे पोरकी! पालकाच्या 'पिता'त (पालक भरून भाजलेली पापुद्र्यांची पाय) फेटा चीज आणि बऱ्याचदा अंडं असतं, तेवढं विचारून घ्या.

अवांतर: सांतोरिनीचा फावा ज्या दाण्यापासून होतो तो आपल्या लाखेचा जातभाई आहे. माझं माहेर भंडाऱ्याचं. पहिला घास खाल्ला आणि आजीच्या घरची लाखोळीची डाळ आठवून डोळ्यांत पाणी आलं. पाच हजार किलोमीटरवर, निळ्या खुर्चीत बसून.

गवती_चहा
१९ जानेवारी

चिंच, किती छान लिहिलंस. पोरक्या मिरच्या!

खलाशी
२० जानेवारी

मी तेवीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली बरीचशी ग्रीक मालकांच्या जहाजांवर. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातली पुष्कळ पोरं आजही त्यांच्याकडे आहेत. पिरेयस मला घरच्यासारखं. म्हणून वाऱ्याबद्दल चार शब्द, कारण फिरायला जाणारे नेमकं तेच विचारत नाहीत.

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. जोर जुलै-ऑगस्टमध्ये, सप्टेंबरात उतरत जातो. आपल्याकडे समुद्र खवळणार म्हणजे आभाळ भरून येतं, अंधारतं. तिथे तसं नाही. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि समुद्र मात्र पांढराफेक. प्रवाशाला कळतच नाही की बोट का सुटत नाही. वारा आठ बोफर्टच्या घरात गेला की बंदर अधिकारी बोटींना मनाई करतात. लहान बोटींना त्याहून आधी. तिथे हुज्जत घालून उपयोग नाही, आणि घालूही नये. ती मनाई लोकांचे जीव वाचवते.

म्हणून नियम एकच: परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी छोट्या बेटावर राहू नका. किमान एक रात्र, जमल्यास दोन, मोठ्या बेटावर किंवा अथेन्सला काढा. १५ ऑगस्टच्या आसपास तर जाऊच नका. मेरीमातेचा मोठा सण असतो, अख्खा ग्रीस आपापल्या गावी निघालेला असतो. आपल्या गणपतीत कोकणच्या गाड्यांना गर्दी असते तसंच.

सप्टेंबर तुम्ही उत्तम निवडला आहे. पाणी उन्हाळाभर तापून कोमट झालेलं असतं, शाळा उघडल्याने गर्दी ओसरलेली असते.

पैलतीर
२१ जानेवारी

एक विनंती आहे, कुणी रागावू नये. कृपया छोट्या बेटांची नावं जाहीर लिहू नका. व्यक्तिगत निरोपात सांगा.

मी एका बेटावर २०११ साली गेलो होतो. दोन खानावळी, एक बेकरी, संध्याकाळी चौकात खेळणारी मुलं. २०२३ साली पुन्हा गेलो तर त्या चौकात टेबलांशिवाय जागा उरलेली नव्हती, आणि मुलं कुठे खेळतात असं विचारल्यावर बेकरीवाल्या बाई गप्प झाल्या. त्या बेटाचं नाव मी आजवर कुठे लिहिलेलं नाही, इथेही लिहीत नाही. 'अस्पर्श बेट' म्हणून दहा जणांनी लिहिलं की अकराव्याला ते तसं मिळत नाही.

सुरूचं_बन
२१ जानेवारी

पैलतीर, तुमची कळकळ पोचली. तरी मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण मी 'अस्पर्श किनाऱ्या'वर जन्मलेली आहे.

आमचं गाव दापोली तालुक्यात. माझ्या लहानपणी किनारा खरोखर रिकामा होता. पण का रिकामा होता? कारण घरटी एक माणूस मुंबईला होता. शाळेत पोरं उरत नव्हती. बाहेरून येणाऱ्याला ती शांतता वाटायची, माझ्या आजीला ते सुनंपण होतं. आज माझा चुलतभाऊ गावात राहतो तो चार खोल्यांच्या पाहुण्यांवर. त्याची मुलं गावच्या शाळेत जातात. पाहुणे आले नसते तर तोही डोंबिवलीत असता.

आमचा किनारा बिघडला तो पाहुण्यांमुळे नाही, तर शनिवारी येऊन वाळूत जीप घालणाऱ्या, रविवारी बाटल्या टाकून जाणाऱ्या गर्दीमुळे. जो माणूस आठ दिवस राहतो, वाण्याकडून भाजी घेतो, गुरांना वाट देतो, तो आमच्याकडे कुणालाच जड होत नाही. अनुजा आणि तिची आई नेमक्या अशा पाहुण्या आहेत. त्यांना नाव सांगायलाच हवं.

म्युनिककर
२१ जानेवारी

सुरूचं_बन यांना पूर्ण अनुमोदन. आकड्यांतही तेच दिसतं. सांतोरिनीची वस्ती पंधरा-सोळा हजार, आणि २०२३ मध्ये तिथे सुमारे ३४ लाख लोक येऊन गेले. त्यातले कितीतरी क्रूझमधून सकाळी उतरून संध्याकाळी परत जाणारे. आता दिवसाला ८ हजार क्रूझ-प्रवाशांची मर्यादा घालताहेत.

पैलतीर
२२ जानेवारी

सुरूचं_बन, मी तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'सुनंपण' हा शब्द मनात राहिला. माझं म्हणणं थोडं बदलतो: नाव लिहा, पण पाण्याबद्दलही लिहा. यातल्या बहुतेक बेटांवर नदी नाही. पूर्वी घराघरांत पावसाचं पाणी साठवायची टाकी असायची. आता कुठे समुद्राचं पाणी गोडं करतात, कुठे जहाजाने आणतात. त्यामुळे पोहण्याचा तलाव असलेली खोली घेऊ नका. समुद्र पन्नास पावलांवर आहे.

सुरूचं_बन
२२ जानेवारी

मनापासून पटलं. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येतो, त्यामुळे न सांगताही कळतं.

सह्यमित्र
२२ जानेवारी

दोघांच्या चर्चेवरून आठवलं. अमोर्गोसच्या मच्छीमारांनी स्वतः ठरवून एप्रिल-मेमध्ये जाळी बंद ठेवायची आणि त्या काळात ज्या खाड्यांत रस्ता जात नाही तिथलं प्लास्टिक बोटीने गोळा करायचं, असा उपक्रम काढला आहे. अंडी घालायचा काळ माशांना मिळावा म्हणून.

खलाशी
२२ जानेवारी

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै सरकारी बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून पुन्हा होड्या लोटतात. पण स्वतःहून ठरवून थांबले याचं मोठं कौतुक वाटलं. जाळं बंद ठेवणं म्हणजे चूल बंद ठेवणं असतं.

अनुजा_प
२५ जानेवारी

सगळ्यांची शतशः ऋणी आहे. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. जहाज बघायला कट्ट्यावर जमणारं गाव तिला फार आवडलं. अमोर्गोस जवळपास नक्की. व्हिसाची तयारी सुरू केली. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि ३० हजार युरोचा आरोग्य विमा लागतो, एवढं कळलंय.

सह्यमित्र
११ फेब्रुवारी

अनुजाताई, जड मनाने लिहितो आहे. बातम्या पाहिल्याच असतील. जानेवारीच्या अखेरीपासून सांतोरिनी आणि अमोर्गोसच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले आहेत. कालचा ५.३ रिश्टरचा होता. सांतोरिनीहून अकरा हजारांवर लोक बाहेर पडले. अमोर्गोसच्या शाळा बंद आहेत. तिथल्या जुन्या लोकांना ९ जुलै १९५६ आठवत असेल. तेव्हाच्या भूकंपात आणि त्सुनामीत पन्नासहून अधिक माणसं गेली होती. आमच्या घरमालकीणबाईंना निरोप पाठवला. त्यांनी उलट आमचीच विचारपूस केली.

सप्टेंबरपर्यंत सगळं निवळेलही. पण आईंसोबत आहात, मनावर ओझं घेऊन जाऊ नका.

गवती_चहा
१२ फेब्रुवारी

मी इतके दिवस नुसती वाचत होते, आता सांगते. तिलोस.

ऱ्होड्स आणि कोस यांच्या मधलं छोटं बेट, तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ. विमानतळ नाही. अथेन्सहून ऱ्होड्सला विमान आणि तिथून बोट, बोटीप्रमाणे दोनेक तास कमी-जास्त. आम्ही लंडनहून दोनदा गेलो. आईंसाठी सुचवायचं मुख्य कारण म्हणजे लिवाद्या हे बंदराचं गाव सपाट आहे. उपसागराच्या कडेकडेने चालायची वाट आहे, झाडांच्या सावलीत बसायला जागा आहे. पायऱ्या नाहीत.

वस्ती काही शेकड्यांत. वीज पवनचक्की, सौरऊर्जा आणि मोठ्या बॅटऱ्यांवर चालवायचा प्रयोग तिथे झाला, भूमध्य समुद्रात पहिल्यांदाच. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढून टाकल्या आहेत. कचरा वेगळा करून ठेवायचा, तो दारावरून नेतात. शिकारीवर बंदी असल्याने पक्षी भरपूर. सप्टेंबरमध्ये एलिओनोराचे ससाणे दिसतात. बाकी पक्षी वसंतात पिलं घालतात, हे उन्हाळा सरताना घालतात, म्हणजे स्थलांतर करणारे छोटे पक्षी नेमके तेव्हा पिलांच्या पोटासाठी मिळतात.

आणि बेटावरच्या खार्कादिओ गुहेत बुटक्या हत्तींचे अवशेष सापडले आहेत! १९७१ साली. पाठीची उंची माणसाएवढी किंवा त्याहून कमी.

चिंच
१२ फेब्रुवारी

बुटके हत्ती! माझ्या मुलाला सांगितलं, तो आता फक्त तिलोसला जायचं म्हणतोय.

खलाशी
१३ फेब्रुवारी

तिलोस चांगली निवड आहे. रोज बोट नसते, वेळापत्रक बघूनच विमानाची तिकिटं काढा. आधी बोट, मग विमान. लोक उलट करतात आणि अडकतात.

सुमुक्ता
१३ फेब्रुवारी

थोडं व्यवहाराचं. या बेटांवर सांडपाण्याचे नळ अरुंद असतात, त्यामुळे कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. जेट नसतो. आपला प्लास्टिकचा मग सोबत न्या. नेहमीची औषधं पूर्ण मुदतीची न्या, छोट्या बेटावर दवाखाना असतो, मोठं रुग्णालय नाही. आणि दुपारी उन्हात डोंगरवाटा चालू नका. जून २०२४च्या उष्णतेच्या लाटेत ग्रीक बेटांवर एकटे चालायला गेलेले काही पर्यटक परत आले नाहीत. स्थानिक लोक दुपारी तीन ते साडेपाच झोपतात, आवाजही करत नाहीत. आपली वामकुक्षीच. तीच पाळा.

अनुजा_प
२० फेब्रुवारी

तिलोस ठरलं. बोट आधी, विमान नंतर. खलाशीकाकांच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

अनुजा_प
१२ ऑक्टोबर २०२५

आलो परत. आठवडा झाला, पण लिहायला बसले की सगळं एकदम डोळ्यांपुढे येतं.

लिवाद्यात आठ रात्रींचा बेत होता, ऱ्होड्सला दोन. खोली समुद्रापासून एक गल्ली आत. पहिल्या सकाळी मी उठले तर आई खोलीत नाही. घाबरून बाहेर पळाले. ती किनाऱ्यावर झाडाखाली बाकावर बसलेली, शेजारी दोन मांजरं. म्हणाली, "साडेसहाला आले. पाणी हलतच नाही गं इथे." रोज तोच बाक. तिसऱ्या दिवसापासून खानावळवाला तिच्यासमोर न सांगता लिंबूपाणी आणून ठेवायचा.

भाषेची एक गंमत. ग्रीकमध्ये 'हो'ला 'ने' म्हणतात. आईने पहिल्याच संध्याकाळी खुणेने विचारलं, यात मासे नाहीत ना, हे आमच्यासाठीच ना? तो हसून म्हणाला, "ने, ने." आईने ताट उचलून त्याच्या हातात परत दिलं! तिला वाटलं तो ताट 'ने' म्हणतोय. मी समजावल्यावर तिघंही पोट धरून हसलो. आईला असं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. 'नाही' मात्र अगदी आपल्यासारखं, मान किंचित वर आणि जिभेने 'च्च'. ते तिला लगेच जमलं.

फावा चार वेळा खाल्ला. चिंच, आईचं मत असं: "वरण आहे, फोडणी विसरलेत, पण तेल सुरेख."

एका संध्याकाळी मिक्रो खोर्यो बघायला गेलो. अख्खं गाव ओस पडलंय. पाणी आणि बंदर खाली, म्हणून माणसं हळूहळू लिवाद्याला उतरली, ती परत चढली नाहीत. छपरं नाहीत, दारांच्या चौकटी उभ्या, मध्ये एक चर्च नीट ठेवलेलं. आई एका उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. सुरूचं_बन, मला तुमचा 'सुनंपण' शब्द आठवला. परतताना आईने बाबांबद्दल बोलायला सुरुवात केली. लग्नानंतर ते हर्णैला गेले होते, तिथली बोट, तिथला पाऊस. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. रात्री जेवण होईपर्यंत ती बोलत होती.

परतीच्या दिवशी वारा सुटला. आकाश स्वच्छ, ऊन, आणि बोट रद्द! काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच, शब्दशः. ऱ्होड्सच्या दोन रात्रींपैकी एक त्यात गेली, पण विमान मिळालं. धक्क्यावर सगळे वैतागलेले, आणि आई बॅगेवर बसून शांतपणे म्हणाली, "मग चला, बाक रिकामा असेल."

खलाशी
१२ ऑक्टोबर

वाचून समाधान वाटलं. आईंना नमस्कार सांगा.

पैलतीर
१३ ऑक्टोबर

नाव लिहिलंत ते बरं केलंत.

सुरूचं_बन
१३ ऑक्टोबर

आईंना हर्णैला घेऊन या. आमच्याकडून जवळ आहे. खोली माझ्या भावाकडे, जेवण वहिनीकडे, बाक मी दाखवते.

रानजाई
२ नोव्हेंबर

धागा आजच सापडला, एका बैठकीत वाचला. मे महिन्यात सासूबाईंना घेऊन तिलोसला जायचा विचार आहे. त्यांचं एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लिवाद्याबाहेर कुठे जाता येईल का? आठ दिवस कंटाळा नाही ना येणार?

अनुजा_प
२ नोव्हेंबर

मेगालो खोर्योला बस जाते, पण ते गाव चढावर आहे. थांब्यापासून जमेल तितकंच जा. एरिस्तोसचा किनारा सपाट, तिथे झाडांची सावली आहे, मात्र लाटांची बाजू बघून बसा. कंटाळ्याचं आईलाच विचारलं. ती शेजारी बसून सांगतेय आणि मी लिहितेय: "तिसऱ्या दिवशी थोडा येतो, चौथ्या दिवशी जातो. बसच्या वेळा चौकात लावलेल्या असतात, त्यांचा फोटो काढून ठेवायला सांग. पहिल्या बाकावर दुपारी ऊन येतं, दुसऱ्यावर बसा म्हणावं. आणि प्लास्टिकचा मग न्यायला विसरू नका."